सकाळी आठ, रात्री आठ

ओठ वर उचलला जातो आणि खुर्चीवरच्या दिव्याखाली आधी दिसते ती नुसती हिरडी. समोरचे दात जागेवर आहेत, पण त्यांचं अर्धं अंग झाकून गेलंय. दर दोन दातांमधला हिरडीचा कोपरा भिजवलेल्या भुईमुगाच्या दाण्यासारखा फुगून बाहेर आलाय आणि शेजारच्या कोपऱ्याला जाऊन टेकलाय. खालच्या जबड्यात तर दोन दातांची टोकंच तेवढी उरलीत. वरवर रंग फिका गुलाबी, मांस घट्ट. दाताला लागून मात्र लालभडक. डॉक्टर बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीतून हलकेच फिरवते. मागोमाग रक्ताची बारीक रेघ उमटते.

“दुखतं का दादा?”

तो मानेनंच नाही म्हणतो. दुखलं असतं तर तो फार आधी आला असता.

पांढुर्ण्यातला हा दवाखाना दोन खोल्यांचा आहे. बाहेर बाकावर माणसं बसलेली, दारावरची पाटी हिंदीत, आतलं बोलणं सगळं मराठीत. नोव्हेंबर चालू आहे, आंबिया बहाराची तोड जोरात आहे. रस्त्यावरून संत्र्याचे क्रेट रचलेल्या पिकअप जाताहेत, मधूनच कापसाची गाडी जिनिंगकडे वळते. 2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली. पण मोठ्या दुखण्याचा रस्ता काही बदललेला नाही. तो अजूनही राज्याची हद्द ओलांडून, सावनेरवरून नागपूरलाच जातो.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलोय. डॉक्टर माझी भाची. मुलाला आणि त्याच्या आईला विचारूनच मी आत थांबलोय. नाव आणि गाव लिहायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. सौंसरकडची घरची संत्र्याची बाग, थोडा कापूस. काही वर्षांपूर्वी नागपुरात त्याला किडनी बसवली. किडनी आईची. ती आई आता खुर्चीच्या पायथ्याशी उभी आहे, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची जाडजूड फाइल.

“खर्रा खाता का?” डॉक्टर विचारते. या भागात तोंड उघडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारावाच लागतो. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरणारी माणसं इथं घरोघर आहेत, आणि त्यातून होणारे तोंडाचे आजारही.

उत्तर आई देते. “नाई वो मॅडम. सुपारीचं खांडसुद्धा नाई. पन गावात कोनी पटून नाई घेत. म्हंतेत, खर्रा खाऊन खाऊन तोंड सडवलं पोट्ट्यानं.”

मुलगा काही बोलत नाही. खुर्चीच्या हातावर त्याचा मास्क लटकतोय. कोरोनात सगळ्यांनी लावला, सगळ्यांनी काढला, यानं काढलेला नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या माणसानं गर्दीत मास्क लावणं रास्तच आहे, त्यामुळे घरातही कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण तो मास्क शेतात एकटा असतानाही असतो, हे आई सांगते. लग्नात, तेरवीत तो पंगतीला बसत नाही. सोयरिकीची दोन ठिकाणी बोलणी झाली. दोन्हीकडं किडनीचं आधीच सांगितलं होतं आणि पाहुणे तयारही होते. मुलगा हसला आणि गोष्ट तिथंच थांबली.

डॉक्टर हातमोजे काढून फाइल मागते. पानं उलटता उलटता तिचं बोट एका चिठ्ठीवर थांबतं, मग दुसऱ्या. ती मलाही दाखवते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा टॅक्रोलिमस चालू होतं. त्यावर त्याची साखर वाढली, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ते बदलून सायक्लोस्पोरिन दिलं. सकाळी आठ, रात्री आठ. आणि त्याच सुमारास रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन.

“ही दोन्ही औषधं हिरडी वाढवू शकतात,” ती आईला सांगते. “एकटी एकटीसुद्धा. सोबत असली की जास्त.”

आई गोंधळते. तिच्या लेखी ही गोळी म्हणजे देवाच्या जागी आहे. मुलानं घेतली की नाही हे पाहिल्याशिवाय ती स्वतः चहा पीत नाही. पाकीट फोडलं की एक उग्र वास येतो, तो त्यांच्या घरात रोज दोनदा दरवळतो. ती गोळी काही बिघडवू शकते, हे तिला ऐकवत नाही.

या गोळीचं मूळही मातीत आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सँडोझ कंपनीची माणसं सुटीला कुठं गेली की तिथल्या मातीचे नमुने घेऊन येत. 1969 च्या सुमारास नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरून आलेल्या अशाच मातीत एक बुरशी सापडली. 1972 साली तिच्यातल्या द्रव्याचा वेगळाच गुण लक्षात आला: शरीरात परकं काही शिरलं की चाल करून जाणाऱ्या टी पेशींना ते आवरून धरतं, आणि बाकीच्या पेशी मारत नाही. 1978 मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते किडनी बसवलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं, 1983 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याआधी मृत माणसाकडून मिळालेली किडनी वर्षभर टिकण्याची आशा जेमतेम निम्मी असे. या औषधानं ती ऐंशी टक्क्यांच्या घरात नेली. आणि त्याच सुरुवातीच्या वर्षांत दातांच्या डॉक्टरांनी या रुग्णांच्या वाढलेल्या हिरड्यांची नोंद करायला सुरुवात केली. त्यांना ते अगदीच नवं नव्हतं. मिरगीवरचं फेनिटॉइन 1938 मध्ये आलं, आणि त्यानं हिरड्या वाढतात हे पुढच्याच वर्षी छापून आलं होतं.

म्हणजे ही गोष्ट माहीत नाही असं नाही. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या दर तीन-चार जणांत एकाची हिरडी कमी-जास्त वाढतेच, लहान मुलांत जास्त. तरी ही माहिती या मुलापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. नागपूरला तपासणीला गेलं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, बघतात, दाब बघतात, साखर बघतात, आणि बाहेर शंभर माणसं खोळंबलेली असतात. तोंड उघडा, असं म्हणायला तिथं कुणाला सवड नसते. आणि रुग्ण मास्क लावून बसलेला असतो.

“मग आता गोळी बंद?” आई विचारते.

“नाही काकू. गोळीला हात लावायचा नाही.”

डॉक्टर हे वाक्य मुलाकडं बघून म्हणते. तो नजर चुकवतो. ती थांबते. मग आवाज खाली आणून विचारते, “दादा, मधे सोडली होती का?”

बराच वेळ काही उत्तर येत नाही. बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडतंय.

“दिवाईच्या आंधी,” तो शेवटी म्हणतो. “चार-पाच दिवस. मोबाइलवर वाचलं होतं का याच गोईनं होते म्हून. म्हटलं, पाहू, उतरते का.”

“उतरली?”

“नाई.”

चार-पाच दिवसांत उतरणारही नव्हती. हे औषध थांबवलं तरी हिरडी ओसरायला महिने लागतात. घट्ट झालेली ओसरतेच असंही नाही. किडनीला मात्र इतका वेळ लागत नाही. आवरून धरलेल्या टी पेशी मोकळ्या झाल्या की त्या किडनीला परकं मानून तिच्यावर तुटून पडतात, आणि सुरुवातीला माणसाला काहीही जाणवत नाही. लघवी होत असते, भूक लागत असते. रक्त तपासल्यावरच कळतं.

आई खाली बसते, खुर्चीजवळच्या स्टुलाच्या कडेवर. रडेल असं मला वाटतं, पण ती रडत नाही. ती मुलाच्या पोटरीवर हात ठेवते आणि एकेक शब्द सावकाश म्हणते, “किडनी माही हाये बाबू. मले इचारल्याशिवाय बंद कराची नाई.”

तो हो म्हणतो. इतक्या हळू की डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं.

आता कामाला वेग येतो. डॉक्टर नागपूरला फोन लावते. तिकडं किडनी विभागात रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या बाई फोन घेतात, साहेब वॉर्डात आहेत, करतील म्हणतात. डॉक्टर निरोपात दोन गोष्टी सांगते: हिरड्यांचं, आणि चुकलेल्या गोळ्यांचं. दुसरी गोष्ट ती दोनदा सांगते.

तोवर ती मुलाच्या हातात आरसा देते. त्यानं स्वतःचं तोंड असं उजेडात पाहिलेलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. ती त्याला डावीकडं खाली एक जागा दाखवते. तिथली दाढ लहानपणीच किडून काढलेली. त्या मोकळ्या जागेवरची हिरडी सपाट आहे, अगदी नेहमीसारखी.

“औषध सगळ्या अंगात फिरतं ना? मग इथं काहून नाही वाढली?”

तो बघत राहतो.

“इथं दात नाही. दात नाही तर दाताच्या मुळाशी साचणारा मळ नाही. औषधानं हिरडीतलं जुनं मांस विरघळण्याचं काम मंद होतं, नवं बनत राहतं. पण भडका देतो तो हा मळ. सूज येते, सुजेवर औषधाचा जोर आणखी चढतो. तुम्ही ब्रश केव्हापासून सोडला?”

“रक्त येत होतं म्हून सोडला. दीड-एक वर्ष झालं असन. बोटानं मंजन लावतो.”

इथं सगळं उलगडतं. हिरडी वाढली म्हणून मळ निघेना, मळ निघेना म्हणून सूज, सुजेनं रक्त, रक्ताच्या धास्तीनं ब्रश बंद, आणि ब्रश बंद म्हणून हिरडी आणखी वर. यातली औषधाची बाजू पांढुर्ण्यात सुटणार नाही. मळाची बाजू मात्र याच खुर्चीत सुटते.

डॉक्टर त्याला दातांचा नमुना दाखवते, मऊ ब्रश हातात देते. ब्रश आडवा घासायचा नाही; केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरपे टेकवायचे, जागच्या जागी थरथरवायचे, मग दाताच्या टोकाकडं ओढून घ्यायचं. दोन दातांच्या मधे बारीक बाटलीब्रशासारखा ब्रश मिळतो, तो घालायचा. पहिले आठ-दहा दिवस रक्त जास्त येईल, त्याला भ्यायचं नाही. मळ निघाला की तेच कमी होतं. औषधी पाण्याच्या चुळा दोनदा, पण पेस्टच्या लगेच मागून नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा. ते पाणी महिनोन्‌महिने वापरलं तर दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हणून किती दिवस ते तीच सांगणार. तो आरशात बघून करून पाहतो. दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा जमतं. आई शेजारी उभी राहून स्वतःच्या तोंडाशी बोट नेऊन तसंच करून बघतेय.

फोन अजून आलेला नाही. आई आता जरा सैलावलीय. ती बागेचं बोलू लागते. यंदा डिंक्या फार आहे. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो, साल सडते. मालक, म्हणजे तिचा नवरा, बोर्डोचा लेप लावून दमलाय. मुलगा मदत करतो, पण हातमोजे आणि बूट घालून. ओल्या मातीतली बुरशी त्याच्यासारख्याच्या फुप्फुसात शिरली तर अवघड होतं, हे नागपूरला बजावून सांगितलेलं आहे आणि ते त्यांनी पाळलंय. मग ती बिचकत विचारते, घरचं संत्रं त्याला द्यावं का. बागवाल्याच्या घरात हा प्रश्न साधा नाही.

डॉक्टर फाइलमधला पोटॅशियमचा आकडा बघते. आकडा ठीक आहे. “संत्रं चालतं, एखाद-दुसरं. चकोतरा मात्र नको, आणि ते परदेशी ग्रेपफ्रूट मिळतं तेही नको. त्यानं या गोळीचं रक्तातलं प्रमाण एकदम चढतं.” चकोतऱ्याचं एक झाड त्यांच्या विहिरीजवळ आहे. आई ते मनात नोंदवून ठेवते, हे तिच्या डोळ्यांत दिसतं.

फोन येतो तेव्हा बाहेरची गर्दी निम्मी झालीय. डॉक्टर स्पीकर लावते, म्हणजे मुलालाही ऐकू जावं. नागपूरचे डॉक्टर पहिला प्रश्न हिरड्यांचा नाही, गोळ्यांचा विचारतात: नक्की किती दिवस, आणि त्यानंतर क्रिएटिनिन झालं का? झालेलं नाही. मग आधी ते. उद्याच, सौंसरलाच, आणि सोबत सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी. ते रक्त नागपूरच्या लॅबला जातं. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. गोळी घेऊन गेलं तर आकडा खोटा येईल. मुलगा मान डोलावतो. फोनला ते दिसत नाही, म्हणून डॉक्टर त्याला तोंडानं बोलायला सांगते.

“गोळी खाल्ल्याबिगर जाईन सर. रगत देऊन मंग खाईन.”

हिरड्यांचं बोलणं त्यानंतर निघतं. रक्तदाबाची गोळी बदलता येईल. हिरडी न वाढवणारी दुसरी औषधं आहेत, पण किडनीचा आकडा बघून मगच, आणि बदल तेच करतील. सायक्लोस्पोरिन आत्ता बदलायचं नाही. टॅक्रोलिमस हे 1984 साली जपानमधल्या मातीतूनच मिळालेलं औषध, त्यानं हिरडी फारशी वाढत नाही. पण या मुलाची साखर त्यानंच चढली होती. महिनाभर मळाची बाजू सांभाळून काय उरतं ते बघू, आणि मग लागलंच तर त्याचा विचार. पांढऱ्या पेशींचा जुना आकडा ते फाइलवरून वाचायला सांगतात, ऐकतात, आणि आजच्या सफाईला होकार देतात. दुखणं झालं तर पॅरासिटामॉल, दुसरं काही नाही.

दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले ते जेमतेम सात-आठ मिनिटं. हे बोलणं दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर, असा विचार माझ्या मनात येतो आणि जात नाही. दोघांनाही आपापलं काम उत्तम येतं. मधे फक्त एक फाइल होती, ती पिशवीत घालून हद्दीच्या अलीकडं-पलीकडं नेणारी आई होती, आणि त्या फाइलमध्ये काय लिहिलंय हे त्या आईला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

सफाई सुरू होते. यंत्राची बारीक शीळ, पाण्याचा फवारा, तोंडात वाकवून ठेवलेली नळी. आज फक्त वरचा जबडा. हिरडीच्या आत दडलेला कडक, काळपट थर तुकड्या-तुकड्यानं निघतो आणि रक्तमिश्रित पाण्यासोबत नळीतून जातो. मुलाची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट धरून आहेत. एक-दोनदा डॉक्टर थांबते, त्याला चूळ भरू देते. शेवटी कापसाची घडी दाबून धरते. हिरडी अजून तेवढीच आहे, पण दातांच्या कडा स्वच्छ झाल्यात, आणि रक्त थांबलंय.

ऑपरेशनचं ती आत्ताच सांगून ठेवते. सूज उतरल्यावरही जी घट्ट हिरडी राहील ती भूल देऊन कापता येते, चाकूनं किंवा लेसरनं. जागा आठवडाभर झाकून ठेवतात. हे ऑपरेशन नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही होतं. पण औषध तेच राहिलं आणि मळ साचत गेला तर कापलेली पुन्हा वाढते. म्हणून कापणं नंतर. मुलगा विचारतो, “मंग पयल्यासारखे दिसन का दात?” डॉक्टर बरेचसे म्हणते, पूर्ण म्हणत नाही. मला तिचं हे उत्तर आवडतं.

ती दोन चिठ्ठ्या लिहिते. एक नागपूरसाठी. दुसरी गावातल्या डॉक्टरसाठी, आणि ही तिला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ताप आला, दाढ दुखली की माणूस आधी तिथं जातो. त्यात तिनं मोठ्या अक्षरात लिहिलंय: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये, क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नये. पहिली दोन किडनीला मारक. तिसऱ्यानं सायक्लोस्पोरिन रक्तात चढत जातं. चिठ्ठी देऊन ती तोंडीही सांगते, मुलाला नाही, आईला. आई ती तीन नावं पुन्हा पुन्हा म्हणून घेते. तिसरं नाव तिच्या जिभेवर बसत नाही, तेव्हा मुलगा ते मोबाइलमध्ये लिहितो आणि सकाळी आठच्या गजराशेजारी ठेवतो.

मी त्यांच्यासोबत खाली उतरतो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मऊ ब्रश आहे, चुळांचं पाणी आहे. दातांच्या मधे घालायचा बारीक ब्रश नाही. दुकानदार दोन खोके उघडून बघतो.

“हा इकडं कोणी मागत नाही दादा. नागपूरहून बोलवावा लागेल. परवा येईल.”

“चार मागवा,” आई म्हणते, आणि पिशवीतून पैसे काढते. “आनि सौंसरच्या बसमंदी टाकून देता का? मंग पोट्ट्याले पुन्ना फेरा नाई.”

दुकानदार नंबर मागतो. मुलगा मास्क खाली करून नंबर सांगतो.